शनिवारचं दूध

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आई, लोमा लिंडाच्या मेडिकलच्या मुलाखतीत देवाबद्दल विचारलं तर काय बोलू ते मला मेसेज करून ठेव." मी दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, परत लिहिल्या. मग म्हटलं, हे काम फोनवरचं नाही. रविवारच्या मराठी शाळेत रडत रडत शिकलेली तुझी बाराखडी आज कामाला येऊ दे. अक्षर माझं नाइट ड्यूटीनंतरचं आहे, सांभाळून घे.

आधी तुझ्या रागाबद्दल. "मी काय मानते ते विचारण्याचा यांना काय अधिकार?" असं तू दोनदा म्हणालीस. नोकरीच्या मुलाखतीत असं विचारलं तर इथे अमेरिकेत वकील उभे राहतात हे मलाही माहीत आहे. पण लोमा लिंडा हे चर्चचं खासगी विद्यापीठ आहे. त्यांनी ते लपवलेलं नाही. फॉर्ममध्येच श्रद्धेवर लिहायला लावलं होतं, आणि तू रात्री दोनपर्यंत जागून लिहिलंस. दुसऱ्या धर्माची मुलंही ते घेतात. मग आता तक्रार कसली? उलट मला तरी तोंडावर विचारणारी माणसं बरी वाटतात. आपल्याकडे कोणी काही विचारत नाही, नुसतं आडनाव ऐकतात आणि आपापलं ठरवून मोकळे होतात.

आता ही माणसं. तुला ती परकी वाटतात, मला नाहीत, कारण तुझ्या आजोबांचा गोठा औंधला होता आणि स्पायसर कॉलेज तिथून हाकेच्या अंतरावर. लोमा लिंडावाले ज्या ख्रिस्ती पंथाचे, त्याच सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्टांचं ते कॉलेज. १९४२ पासून पुण्यात आहे. तिथल्या तीन-चार घरांना आमचं दूध जायचं आणि सुट्टीत किटली घेऊन मी जायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस, सुरू, तो शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. त्या वेळात घेणं-देणं नाही, हिशेब नाही. शनिवारी सकाळी दूध घ्यायचे, पण पैसे रविवारी. एकदा एका बाईंची शुक्रवारची बाकी राहिली होती, ती मी शनिवारी मागितली. त्या रागावल्या नाहीत. मला आत बसवलं, केळं दिलं आणि म्हणाल्या, "आज नको बाळ, उद्या." मी घरी येऊन तक्रार केली तर आजोबा म्हणाले, "आपण एकादशीला मटण विकतो का? तसंच." आजोबांनी मटण कधीच विकलं नव्हतं, पण मुद्दा मला कळला.

तेव्हा शब्बाथ ही लोमा लिंडालाही नुसती सुट्टी नसते, एवढं लक्षात ठेव. त्या गावात कित्येक वर्षं टपालही शनिवारी यायचं नाही, रविवारी यायचं. तुझ्या मैत्रिणींच्या पार्ट्या शुक्रवारी रात्री असतात आणि तिथे तेव्हा दिवस शांत होत जातो. दारू नाही, सिगारेट नाही, प्रार्थनेला बसायचं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्येही मांस नाही. तुझ्या बाबांनी हे ऐकून विचारलं, "चार वर्षं? तांबड्या रश्श्याशिवाय?" जसं काही प्रवेश त्यांनाच मिळतोय.

या शाकाहारामागे बरंच काही आहे, तेवढं वाचून जा. त्यांच्या पंथाच्या एलन व्हाइट यांनी एकोणिसाव्या शतकातच तंबाखू, दारू, मांस सोडा असं लिहायला सुरुवात केली. तू लहानपणी ज्या कॉर्नफ्लेक्सवर वाढलीस, ते केलॉगही मुळात याच पंथातले डॉक्टर. आणि कॅलिफोर्नियातल्या अॅडव्हेंटिस्टांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. २००१ साली छापून आलेले आकडे असे, की इतर कॅलिफोर्नियावाल्यांपेक्षा त्यांचे पुरुष ७.३ वर्षं आणि बायका ४.४ वर्षं जास्त जगतात. पण यावर मुलाखतीत "आम्हीही भारतीय, आमच्याकडे शाकाहार आहेच" असलं काही बोलू नकोस. एक तर तू शाकाहारी नाहीस. दुसरं, वडापाव आणि जिलेबीही शाकाहारीच आहेत. आजोबांना साखर मटणाने नव्हती झाली.

संस्थेची गोष्ट थोडक्यात. १९०५ साली त्यांनी डबघाईला आलेलं एक आरोग्यधाम चाळीस हजार डॉलरला विकत घेतलं, खिशात पैसे नसताना. १९०९ साली तिथे डॉक्टर घडवायला सुरुवात झाली. अमेरिकेत पहिल्यांदा हॉस्पिटलच्या आवारात प्रोटॉनचं यंत्र बसवून कॅन्सरचे उपचार सुरू झाले ते इथेच, १९९० साली. हे सगळं तुला पाठ असेल. मी सांगते ते बेबी फे हिचं प्रकरण नीट वाच. २६ ऑक्टोबर १९८४. जन्मतः हृदय अर्धवट असलेल्या तान्ह्या मुलीला डॉ. लेनर्ड बेली यांनी बॅबूनचं हृदय बसवलं. त्यानंतर ती जेमतेम तीन आठवडे जगली. जगभर गदारोळ झाला: आईबापांना सगळं समजावून सांगितलं होतं का, माणसाचं हृदय शोधलं होतं का, मुळात असं करावं का. पुढच्याच वर्षी त्याच बेलींनी एका तान्ह्या बाळाला माणसाचं हृदय बसवलं आणि ते बाळ जगलं. मी लहान मुलांच्या वॉर्डात नऊ वर्षं काढली आहेत, तरी अजून माझं मत पक्कं होत नाही. कधी वाटतं, त्या आईच्या जागी मीही सही केली असती. कधी वाटतं, बुडत्याच्या हातात कागद देऊन घेतलेल्या सहीला सही म्हणायचं का? तुला विचारलं आणि तुझंही ठरत नसेल, तर कुठे अडतं ते सांग. संस्थेला बरं वाटेल असं बोलू नकोस, आणि शूर दिसायला टीकाही करू नकोस.

आता देवाचं. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण त्यात माझी शोभा आहे.

१९९० साली मी मिशनच्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलला मुलाखतीला गेले. बाहेर बाकावर बसलेल्या मुली म्हणाल्या, बायबल वाचते म्हणून सांग, मग घेतात. माझ्याकडे शाळेत कोणीतरी फुकट वाटलेला बायबलचा छोटा नवा करार होता. त्यातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट मी बसमध्ये वाचली होती. तेवढ्या भांडवलावर आत गेले आणि मेट्रनबाईंना सांगितलं, मी रोज बायबल वाचते.

"छान. आज काय वाचलंस?"

मी गोष्ट सांगितली. शंभर मेंढरं, एक हरवतं, मालक नव्व्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला जातो.

त्यांनी चष्मा काढला. "बरोबर केलं का त्याने?"

याचं उत्तर बाकावरच्या मुलींनी दिलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या म्हशी आहेत. माझे वडील आधी बाकीच्यांना दाव्याला बांधतील, शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगतील, आणि मग जातील. पण जातील. रात्र झाली तरी जातील."

त्या हसायला लागल्या. मग शांतपणे विचारलं, "बायबल रोज वाचतेस का गं?"

"नाही."

"म्हशींचं खरं आहे?"

"हो."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही. प्रवेश मिळाला. पण पहिले सहा महिने सकाळच्या प्रार्थनेत त्या माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं आणि मी मान खाली घालायचे. बघत नसतीलही. खोटं पकडलं गेलं होतं, माफही झालं होतं, तरी ते माझ्या अंगावरून उतरायला फार वेळ लागला. प्रार्थनेचा मला त्रास कधीच नव्हता, गाणी तर अजून आवडतात. त्रास होता तो त्या एका वाक्याचा.

म्हणून सांगते, मी ख्रिस्ताला मानते असं तू म्हणू नकोस. आणि आजीसारखी भक्त असल्याचा आवही आणू नकोस. तू गणपतीत आरतीला उभी राहतेस, मोदक खातेस आणि देव आहे की नाही यावर बाबांशी वाद घालतेस. हे असंच सांगता येतं. "मला अजून कळलेलं नाही" हेही उत्तर आहे, पण ते म्हणून गप्प बसलीस तर फॉर्मातली रिकामी जागा वाटेल. कळलेलं नसताना तू कशाच्या आधाराने वागतेस ते त्यांना ऐकायचं असणार. आजी शेवटच्या महिन्यात होती तेव्हा परीक्षा सोडून तू तिकीट काढलंस. कोणी सांगितलं नव्हतं. ते का केलंस ते आधी स्वतःशी नीट आठव, मग त्यांना सांग.

पेशंटबरोबर प्रार्थना करशील का, हेही विचारतील असं मला वाटतं. शरीर, मन, आत्मा असा सगळा माणूस बरा करायचा ही त्यांची शिकवणच आहे. माझ्यावर ही वेळ खूपदा आली. एका रात्री एका म्हाताऱ्या आजोबांनी ऑपरेशनच्या आधी माझा हात धरला आणि म्हणाले, प्रे विथ मी. मी म्हटलं, तुमची प्रार्थना मला येत नाही, तुम्ही म्हणा, मी बसते. त्यांनी म्हटली. मी बसले. माझा पेजर दोनदा वाजला, तरी उठले नाही. याहून जास्त मला कधी जमलं नाही आणि त्यांनीही कधी मागितलं नाही. तुला किती जमेल ते तूच बघ. गर्भपाताबद्दल, मरणाच्या दारातल्या पेशंटबद्दल तुझी मतं त्यांच्याहून वेगळी असतील. ती आवाज न चढवता सांग. आवाज चढवणं हा बाबांकडून आलेला गुण आहे.

एक गंमत म्हणजे तू ज्या मुलाखतीला घाबरतेस, ती आपल्याकडच्या मुलांच्या नशिबातून गेली. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मुलांना बोलावून काही दिवस पारखायचं. मग 'नीट' ही देशभराची प्रवेश परीक्षा आली. त्यांनी विरोध केला, २०१७ साली एमबीबीएसच्या शंभर जागा असताना एकच विद्यार्थी घेतला, कोर्टात भांडले. २०२० साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू. कोर्टाचं बरोबर असेल, मुलाखतीच्या नावाखाली वशिले चालतात हे आपण पाहिलेलं आहे. तरी मला त्या मेट्रनबाई आठवतात. बारावीच्या मार्कांत माझ्या म्हशी कुठे दिसल्या असत्या?

आणि हे उलटंही आहे बरं. ते तुला बघतील तशी तूही त्यांना बघ. जमलं तर आदल्या दिवशी जाऊन ये, रिव्हरसाइडहून ते काही लांब नाही. कँटीनमध्ये जेव. आवारात बायबलच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याचं शिल्प आहे, वाटेत जखमी होऊन पडलेल्याला उचलणारा परका माणूस आणि बघून पुढे जाणारे धर्माधिकारी. धर्माच्या कॉलेजने आपल्या अंगणात धर्माधिकाऱ्यांनाच असं उभं करावं, हे मला आवडलं. तिथे जरा बस आणि येणारी-जाणारी मुलं बघ. शुक्रवारच्या संध्याकाळी तुला तिथे कोंडल्यासारखं होईल की हायसं वाटेल, हे मला घरी बसून सांगता येणार नाही. कोंडल्यासारखं वाटलं तर प्रवेश मिळूनही नको म्हण. कर्ज काढायचंच आहे, ते दुसऱ्या कॉलेजसाठीही काढता येतं.

चमकीचं विचारलंस. साधं राहावं, दागिने नकोत ही त्यांची जुनी रीत आहे खरी. कानातले छोटे घाल, बांगड्या ठेवून जा. चमकी राहू दे. ती काढून गेलीस तर नाकाला सारखा हात लावत बसशील, मला माहीत आहे.

डब्यात थालीपीठं आहेत, दही वेगळ्या डबीत. सूटची पँट बाबांना लांब वाटते आहे. सुई-दोरा पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आहे, काळाच आहे.

तुझी,
आई