अर्ज देऊन आले आहे

नाशिक

तीर्थरूप आई आणि अप्पा,
साष्टांग नमस्कार.

ताईचा तपास पुन्हा सुरू करा, असा अर्ज देऊन आले आहे. आधी विचारलं नाही, कारण आई रडली असती आणि मी थांबले असते. 2009 साली ती सोळाची होती, तरी ‘येईल दोन दिवसांत’ म्हणत नुसती मिसिंगची नोंद झाली. मे 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हाच नोंदवायचा, अपहरण धरूनच तपास करायचा. ताईच्या वाट्याला ते आलंच नाही. तेवढंच मागितलंय अप्पा, कुणाशी भांडलेले नाही.

आता अवघड ते सांगते. डीएनएसाठी तुमच्या दोघांचं रक्त लागेल. माझ्यावर भागलं असतं तर तुम्हाला हलवलं नसतं. पण बहिणीपेक्षा आईबापाच्या रक्तावरून पक्कं कळतं. आई, रक्त दिलं म्हणजे ताई गेली असं आपण मानलं, हे मनातही आणू नकोस. कुठल्या आश्रमात नावगाव न सांगता राहिलेली बाई असली, तरी ती आपली का हे त्यावरूनच कळेल गं.

ओळखीच्या खुणांत डाव्या मनगटावरचा डाग लिहिला. आखाजीला मांडे चालले होते, मी खापराजवळ गेले, मला मागे ओढताना तिचा हात टेकला. भाजलं तिला आणि भोकाड पसरलं मी! संध्याकाळी त्याच हाताने तिने मला झोका दिला. आता ती तिशी ओलांडलेली असेल, हे मला अजून खरं वाटत नाही.

सिव्हिलला उन्हं चढायच्या आत जायचं. गाडी दारात येईल, हे सोबत असतील, एसटीचे धक्के नाहीत. उपाशी जावं लागत नाही, तेव्हा चहा-भाकरी खाऊनच निघा. अप्पा, बीपीची गोळी चुकवायची नाही, ‘मला काय होतंय’ चालणार नाही. आणि आई, दार उघडं टाकून ओट्यावर झोपणं बंद कर. कंबर धरते तुझी. कडी लावून आत झोप, ताईला दार वाजवता येतं.

सात वर्षं पत्ता नसला की कायद्याने माणूस गेलं असं धरता येतं, हे काका खरंच सांगतात. पण धरलंच पाहिजे असं कुठे आहे? वाटणीच्या त्या कागदावर सही करू नका. काकांना मला फोन करायला सांगा, मी नीट बोलेन.

तुमची,
सोनी