चारशे रुपयांत धूर निघतो, मग तुमच्या एकवीस हजारांच्या स्मोकरमधून का निघत नाही?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: इलेक्ट्रिक फूड स्मोकरमधून धूर न येणं आणि वर वॉरंटी रद्द केल्याचा मेल पाठवणं याबद्दल

नमस्कार,

तुमचा तो उभा इलेक्ट्रिक फूड स्मोकर, म्हणजे खाण्याच्या पदार्थांना लाकडाचा धूर द्यायचं कपाट, मी तुमच्याच वेबसाइटवरून घेतला, बिल सोबत जोडलंय. कपाट चांगलंय, दार घट्ट बसतं, आतल्या जाळ्या जाड आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं एकच, त्यातनं धूर येत नाही. धूरच येणार नसेल तर मी एकवीस हजार घालून ओव्हन घेतला असं समजायचं का?

तुमच्या जाहिरातीत लिहिलंय 'चीजपासून चिकनपर्यंत सगळं स्मोक करा' आणि खाली चीजचा धुरकटलेला ठोकळा दाखवलाय. आता चीज धुरवायचं म्हणजे आतलं तापमान 30 अंशांच्या आसपास पाहिजे, नाहीतर ते वितळून खालच्या ट्रेमध्ये येतं. पण तुमच्या मशीनमध्ये धूर तयार होतो कसा तर हीटिंग एलिमेंटच्या वर लाकडाच्या चिप्सची छोटी ट्रे आहे, एलिमेंट तापलं की चिप्स धुमसणार. एलिमेंट चालू ठेवायचं की बंद हे ठरवतो थर्मोस्टॅट, आणि थर्मोस्टॅटला धुराशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त कपाटातली हवा किती गरम झाली एवढंच कळतं. मी 60 वर लावलं की थोड्या वेळात टक आवाज येतो, एलिमेंट बंद, आणि तुमचं कपाट चांगलं बंदिस्त असल्यामुळं ते परत चालू व्हायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात चिप्स गार. ट्रे ओढून बघितली तर खालचा एक थर करपलेला आणि वरच्या चिप्स जशा टाकल्या तशाच पांढऱ्या. लाकूड नीट धुमसायला अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढं जावं लागतं, तेवढं ते ट्रेमध्ये कधी जातच नाही. म्हणजे कपाट जितकं दर्जेदार तितका धूर कमी, असं हे तुमचं डिझाइन आहे बघा.

110 वर लावलं तर धूर येतो, खोटं बोलणार नाही. पण त्या तापमानाला पनीर रबरासारखं होतं आणि चीजचा तर प्रश्नच नको. आणि आमच्या सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी मशीनचा प्लग लावायच्या आधीच आतला काटा 38-39 दाखवतो. 40 ला सेट करा म्हणता, एलिमेंट चालू तरी कशाला होईल? ही गोष्ट तुमच्या माहितीपुस्तकात कुठंही नाही, मी शेवटच्या पानापर्यंत वाचलंय.

कस्टमर केअरला फोन केला. पहिल्या बाई म्हणाल्या चिप्स अर्धा तास पाण्यात भिजवून टाका. अहो, ओलं लाकूड आधी पाणी उडवणार, पाणी संपेपर्यंत ते शंभर अंशांच्या वर सरकत नाही, म्हणजे येईल ती नुसती वाफ. दुसरे साहेब म्हणाले तुमच्याकडं व्होल्टेज कमी असणार, सांगलीसारख्या ठिकाणी असतं. इथं मला जरा राग आला. मल्टिमीटर लावून बघितलं, 228 दाखवतोय, फोटो सोबत आहे. तिसरे म्हणाले आमच्याच कंपनीच्या चिप्स वापरा. त्या पण मागवल्या, तीच गत. शेवटी चौथ्यांनी खरं काय ते सांगितलं, की सर, कमी तापमानाला सतत धूर पाहिजे असेल तर आमचा एक्सटर्नल स्मोक जनरेटर वेगळा घ्यावा लागतो, 7,499 रुपये.

मग हे आधी का सांगितलं नाही? रोग माहीत आहे म्हणूनच औषध विकायला ठेवलंय ना तुम्ही?

त्या जनरेटरचा फोटो नीट बघितला. एक नळकांडं, एक हवेचा पंप, एक पाइप. बास. आमच्या मेव्हण्यांची तासगावला द्राक्षबाग आहे, त्यांना फोटो दाखवला तर ते म्हणाले ही तर आपली ड्रिपची व्हेंचुरी आहे. पाणी जोरात जातं तिथं दाब कमी होतो आणि बाजूच्या नळीतनं खत आपोआप ओढलं जातं, इथं पाण्याऐवजी हवा आणि खताऐवजी धूर, एवढाच फरक. तुमचे इंजिनिअर मला जे चार फोनमध्ये सांगू शकले नाहीत ते यांनी चहा पिता पिता सांगितलं.

मग घरीच केला. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडं भंगारात अडीच इंची स्टेनलेस पाइपचा फूटभर तुकडा मिळाला. हार्डवेअरवाला जीआयचा देत होता, तो मुद्दाम घेतला नाही, कारण जीआयवर जस्ताचा थर असतो आणि निखाऱ्याजवळ तो तापला की त्याची वाफ खाण्यावर बसणार, ते नको. पाइपच्या तळाला जाळी, जाळीच्या जरा वर पेटवायला एक भोक, वर घट्ट झाकण. वरच्या बाजूला समोरासमोर दोन भोकं. एकातनं एसी दुरुस्तीवाल्याकडची पाव इंची तांब्याची नळी आत घातली, दुसऱ्यात अर्धा इंची स्टीलचा पाइप बसवला, आणि तांब्याच्या नळीचं टोक त्या मोठ्या पाइपच्या तोंडात थोडंसं आत जाईल असं ठेवलं. नळीला मागं फिश टँकचा एअर पंप, चार-पाच वॅटचा, आणि मध्ये हवा कमीजास्त करायची टँकचीच प्लॅस्टिकची चावी. पंप वरच्या फळीवर ठेवलाय. सगळं मिळून चारशेच्या आत बसलं, त्यातले निम्म्याहून जास्त पंपाचेच.

चिप्स भरल्या, खालच्या भोकातनं छोट्या गॅस टॉर्चने पेटवलं, पंप चालू केला. नळीतनं फुंकर बसली की मोठा पाइप नळकांड्यातला धूर ओढायला लागतो, आणि धूर ओढला गेला की खालच्या भोकातनं तेवढीच हवा आत शिरते, म्हणजे निखारा आपला आपण जगतो. चावी पूर्ण उघडली तर गच्च पांढरा धूर येतो, तो नको, त्यानं माल कडू होतो. जरा आवळली की पातळ निळसर धूर येतो, तो पाहिजे. एकदा भरलेलं नळकांडं तीन-साडेतीन तास चालतं, स्मोकरचं एलिमेंट बंद असलं तरी. पाइपला स्मोकरकडनं नळकांड्याकडं उतार दिलाय, कारण धूर पाइपात गार होताना काळं डांबरी पाणी सुटतं, ते मागं ओघळलं पाहिजे, पनीरवर नको.

लाकूड म्हणाल तर मेव्हण्यांनी जुनी बाग काढली त्यातली द्राक्षाची खोडं आणि ओलांडे वाळवून ठेवलेत. बागेवर बोर्डो आणि बाकीच्या फवारण्या बसलेल्या असतात म्हणून साल पूर्ण सोलून फक्त आतलं लाकूड घेतो. आंबा आणि पेरू पण चालतो. तुमच्या पाकिटातल्या चिप्सपेक्षा वास चांगला येतो हे माझं वैयक्तिक मत, आणि आमच्या घरच्यांचं पण. पहाटेच्या गार हवेत चीज धुरवलं, वितळलं नाही, वरनं फिकट सोनेरी झालं. मग मीठ, ब्याडगी मिरची, पनीर. चिकनला धूर बाहेरून आणि उष्णता तुमच्या मशीनची, आतलं मांस 74 अंशांपर्यंत नेतो, त्यात तुमचं कपाट एक नंबर काम करतं. म्हणून तर म्हणतो, कपाटाबद्दल तक्रार नाही. हे सगळं मागच्या अंगणात उघड्यावर करतो, स्वयंपाकघरात नाही, कारण धुमसत्या लाकडातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो. ही सूचना पण तुमच्या पुस्तकात मुंगीएवढ्या अक्षरात आहे, ती मोठी करा.

आता खरी तक्रार. मी चांगल्या मनानं याचे फोटो तुम्हाला मेल केले, की बघा, दोष चिप्सचा नाही, व्होल्टेजचा नाही, ट्रेच्या रचनेचा आहे. त्याला उत्तर काय आलं तर 'अनधिकृत बदल केल्यामुळे वॉरंटी रद्द'. कसला बदल? मी मशीनला एक भोक पाडलेलं नाही, एक स्क्रू फिरवलेला नाही. बाजूला चिप्स टाकायचं तुमचंच जे तोंड आहे त्यात पाइपचं टोक नुसतं टेकवलंय, काढला की मशीन जशीच्या तशी. तुमचा 7,499 वाला जनरेटर सुद्धा त्याच तोंडात बसतो, तुमच्याच फोटोत दिसतंय. तुमचा बसवला तर अ‍ॅक्सेसरी आणि माझा बसवला तर छेडछाड, हे कुठल्या हिशोबात बसतं ते लेखी कळवा.

माझं मागणं असं आहे की वॉरंटी रद्दचा तो मेल आधी मागं घ्या. दुसरं, जाहिरातीत दाखवलेलं काम मशीन एकट्यानं करत नसेल तर एकतर तुमचा जनरेटर विनामूल्य पाठवा नाहीतर मशीन तुमच्या खर्चानं उचलून पैसे परत करा, दोन्हीपैकी काय ते तुम्ही ठरवा. आणि वेबसाइटवर स्पष्ट लिहा की कमी तापमानाला सतत धूर पाहिजे असेल तर जनरेटर लागतो, चीजचा तो फोटो तरी काढा.

ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला पाहिजे. नाही झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवणार, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथंच, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, तुमच्या गावाला हेलपाटे मारायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण लागत नाही, त्यामुळं मी कंटाळून गप्प बसेन या भरवशावर राहू नका.

फोनवर उत्तर नको, चौघांनी चार गोष्टी सांगून झाल्यात. मेलवर लेखी कळवा.

आपला ग्राहक,
विश्रामबाग, सांगली

सोबत: बिलाची प्रत, मल्टिमीटरचा फोटो, 60 अंशांवर चालवल्यानंतरच्या चिप्सच्या ट्रेचा फोटो, पाइप काढल्यावरच्या मशीनचा फोटो, तुमच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, वॉरंटी रद्दचा मेल.