सूचना : फादर्स डेला वडील-आजोबांच्या बेसबॉलच्या वस्तू मांडण्याबाबत

सभासदांनो, जूनच्या तिसऱ्या रविवारी आपल्या दिवंगत वडील-आजोबांच्या बेसबॉलच्या वस्तू मांडायच्या आहेत. प्रत्येक घरातून दोनच आणाव्यात.

ग्लोव्ह कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. चकाकी यावी म्हणून तेल चोपडू नका. जास्त तेलानं चामडं जड होतं, ढिलं पडतं आणि त्यांच्या हाताचा बसलेला आकार जातो. तो आकारच तर नातवंडांना बघायचाय! आत एक चेंडू ठेवून आणा, म्हणजे ग्लोव्ह चपटा होत नाही.

सही केलेला चेंडू उन्हात ठेवू नका, शाई उडते. वरून लॅकरही नको, पुढे पिवळं पडतं. खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांना रबरबँड लावू नका, कडा दबतात. जुनी तिकिटं लॅमिनेट तर अजिबात करू नका, ते पुन्हा सुखरूप निघत नाही.

त्यांच्या हातचं स्कोअरबुक (सामन्याच्या नोंदींची वही) असेल तर तेच आधी आणा, त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. मुलांना ते वाचायला शिकवा : आकडे म्हणजे मैदानातल्या खेळाडूंच्या जागा, १ पिचर (चेंडू टाकणारा), २ कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा). ‘६-४-३’ म्हणजे चेंडू शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू) सेकंड बेसमनकडे, तिथून फर्स्ट बेसमनकडे, दोघे बाद. इंग्रजी ‘के’ म्हणजे फलंदाज तीन स्ट्राइकवर (त्याच्याविरुद्ध मोजलेल्या चेंडूंवर) बाद; तो उलटा काढला असेल तर तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता गेला. पेन्सिलीच्या नोंदींवर बोट फिरवू नका, पुसट होतात. आधी पानांचे फोटो काढून ठेवा.

वस्तूसोबत चिठ्ठी हवी : त्यांचं नाव, आवडता संघ, वस्तूचं साल.