काका, भिंतीआडच्या कामासाठी आभार

तीर्थरूप काका,
साष्टांग नमस्कार.

हे तोंडावर बोलायला गेले असते तर "पुरे गं" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून पत्र, आणि तेही चार लोकांनी वाचावं असं.

वायरिंगचं बहुतेक काम भिंतीत गाडलं जातं. गिलावा झाला, रंग लागला की आत काय आहे ते घरमालकालाही कळत नाही. चुकार करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर जोडलीच नाही तरी दिवा लागतो, पंखा फिरतो. तिची गरज पडते ती वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर, आणि तोवर काम करणाऱ्याचे पैसे केव्हाच मिळालेले असतात. सुट्टीत मी हाताखाली यायचे तेव्हा पॉइंट कितीही अडचणीचा असो, तिथवर ती हिरवी वायर ओढणारे तुम्ही मी पाहिलेत. पाइपच्या आत जोड द्यायचा नाही, हा तुमचा नियम. वायर वीतभर कमी पडली तरी सगळी उपसून नवी घालायचात. खाचा पाडून खांदे भरून आलेले असायचे, तरीही.

एका घरी १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, सारखा पडायचा. मालक म्हणाले, ३२ चा बसवून मोकळे व्हा. तुम्ही समजावलंत, की एमसीबी वायर सांभाळायला असतो. मोठा बसवला तर तो पडायचा थांबेल आणि आतली वायर तापत राहील. ते ऐकेनात, तेव्हा तुम्ही पिशवी उचललीत. वाटेत त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. एवढंच म्हणालात, "लहान मुलं आहेत गं त्या घरात."

प्रामाणिक माणसाला व्यवहार कळत नाही, असं लोक सहज बोलून जातात. मला ते मुळीच पटत नाही. ज्यांच्या घरी तुम्ही एकदा काम केलंत, ते नवं घर बांधताना तुम्हालाच शोधत येतात. हा व्यवहारच आहे, फक्त सावकाश फळणारा.

माझी कॉलेजची फी याच कमाईतून आली. आज मी हिशेब तपासायचं काम करते. किरकोळ रकमेचं व्हाउचरसुद्धा काढून पाहते, कुणी मागितलं नसलं तरी. ही सवय कुठल्या वर्गात लागलेली नाही, काका. ती तुमच्या हाताखाली लागली. फीसाठी आभार मानले तर तुम्ही रागवाल, पण या सवयीसाठी मनापासून आभार.

तुमची पुतणी