आशा ढाक्यात नव्हे, फातोर्ड्यातच संपल्या

महोदय,

स. न. वि. वि. भारताचा पुरुष फुटबॉल संघ बांगलादेशकडून हरल्यावरचा कालचा आपला अग्रलेख वाचला. ‘ढाक्यातील पराभवाने आशियाई चषकाच्या आशा मावळल्या’ हे वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

१८ नोव्हेंबर २०२५ला मावळायला आशा शिल्लक होत्या कुठे? त्या १४ ऑक्टोबरलाच मडगावात, फातोर्ड्याच्या मैदानावर गेल्या. तिथे मी होतो. पेठेतले आम्ही चौघे आंबोलीमार्गे गाडी काढून गेलो होतो. आपल्या छांगटेने १४व्या मिनिटाला लांबून चेंडू जाळ्यात मारला, तेव्हा शेजारच्या अनोळखी मडगावकराने मला कडकडून मिठी मारली. पुढे मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी केली आणि उत्तरार्धात त्यानेच दुसराही गोल घातला. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो, पण काही उपयोग झाला नाही. शेवटची शिट्टी झाल्यावर त्याच मडगावकराने मोबाइलवर गुणतालिका उघडली. ‘‘आपले दोन गुण. उरलेले दोन्ही सामने जिंकले तरी आठ. सिंगापूर आणि हाँगकाँगचे आजच आठ-आठ झालेत, शिवाय त्यांचा आपसातला सामना बाकी. म्हणजे कुणीतरी नऊला पोचणारच. संपलं!’’ पात्रता फेरीच्या गटातून एकच संघ पुढे जातो, हे त्याला ठाऊक होते. त्याला हिशेबाला अर्धा मिनिट लागला. आपल्या संपादकीय विभागाला महिना मिळूनही तो जमला नाही, याचे नवल वाटते.

खेळाडूंमध्ये ‘जिगर’ नाही, असेही आपण लिहिता. असेल बुवा. पण सिंगापुरात लाल कार्ड मिळाल्यामुळे संदेश झिंगन फातोर्ड्यात बचावाला नव्हता, त्याच सिंगापुरात दहा जणांनिशी खेळून रहीम अलीने ९०व्या मिनिटाला बरोबरी साधून दिली होती, आणि मार्चमध्ये शिलाँगला घरच्या मैदानावर आपण बांगलादेशशी गोलशून्य बरोबरीत अडकलो तिथेच खरी घसरण सुरू झाली, यातले एक अक्षरही अग्रलेखात नाही. शेजारी छायाचित्र मात्र सुनील छेत्रीचे. तो ढाक्याच्या संघातच नव्हता, महाराज! बांगलादेशाने आपल्याला २००३नंतर प्रथमच हरवले; गोल करणाऱ्या मोर्सालिनचा फोटो छापला असता तर बिघडले असते का?

आणि ‘आपल्याकडे फुटबॉल संस्कृतीच नाही’ हे वाक्य कोल्हापूर आवृत्तीत छापायला खरोखर धाडस लागते. पाटाकडील आणि प्रॅक्टिस या इथल्या संघांचा सामना असेल त्या दिवशी आपल्या लेखकाने शाहू स्टेडियमवर यावे. जागा मी धरून ठेवतो. पेठांमधली ही चुरस देशाच्या संघापर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न विचारला असता तर मीच पाठ थोपटली असती.

निघालोच आहे तर आणखी एक. ५ जुलैला आपल्या मुलींनी चियांग माईत थायलंडला त्यांच्याच घरी २-१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून महिला आशियाई चषकात जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी आपल्या क्रीडा पानावर वरपासून खालपर्यंत एजबॅस्टनची क्रिकेट कसोटी होती. शुभमन गिलच्या १६१ धावांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, पोराने कमाल केली. पण मुलींची बातमी शोधायला मला चष्मा पुसावा लागला. ती होती ‘संक्षिप्त’मध्ये, आणि तीत संगीताचे नाव नव्हते. पुरुष हरले की अग्रलेख आणि मुली जिंकल्या की चार ओळी, हा कुठला न्याय?

मार्च २०२६मध्ये त्या ऑस्ट्रेलियात खेळतील. गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आहेत. निदान सामन्यांच्या वेळा आणि वाहिनी आदल्या दिवशी छापाल का? भाचीला दाखवायचे आहेत.

कळावे,
एक जुना वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर