वरची बाजू कुठली ते आधी बघ

फोंडा

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, गोव्यात नुसते चिरेच चिरे, म्हणजे जांभा दगड, गाळाचे खडक बघायचे तर कच्छलाच जायला हवं. कच्छला जरूर जा. ज्युरासिक काळातल्या समुद्राचे शंखशिंपले तिथे दगडात सापडतात. पण दोनापावलला न थांबता गेलीस तर मला वाईट वाटेल.

चिऱ्याचं तुझं बरोबर आहे. तो गाळ साचून झालेला नाही. जुना खडक जागच्या जागी ऊनपावसानं कुजला, सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. उष्ण, पावसाळी हवामानाची साक्ष तोही देतो, पण त्यात थर वाचायला मिळत नाहीत.

थर दोनापावलला आहेत. ओहोटीला उघडे पडणारे ते करडे-हिरवट खडक म्हणजे ग्रेवॅक. आपल्या सावर्डे गावाचं नाव त्या थरांना दिलंय. वय सुमारे २५० कोटी वर्षं किंवा त्याहून जास्त. पुढे दाबानं आणि उष्णतेनं ते थोडे रूपांतरित झाले, तरी मूळची ठेवण बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे. भिंग घेऊन जा. मिरामारच्या पुळणीवरची वाळू लाटांनी घोळून घोळून निवडलेली असते, बहुतेक क्वार्ट्‌झ. ग्रेवॅकमध्ये मात्र टोकदार कण, फेल्डस्पार नावाचं खनिज, दुसऱ्या खडकांचे तुकडे आणि चिखल, सगळं एकत्र कोंबलेलं. लाटांना ते निवडायला सवडच मिळाली नाही, एवढ्या घाईनं तो माल खाली आला.

कसा आला, याचा धागा १९२९ साली उत्तर अटलांटिकमध्ये मिळाला, उलगडा पुढे झाला. न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला आणि समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या केबली उतारावरून खोल पाण्याकडे एकामागून एक तुटत गेल्या. गढूळ पाण्याचा लोंढाच तळावरून धावत होता. असा लोंढा मंदावला की आधी जाड वाळू बसते, मग बारीक, शेवटी चिखल. पावसाळ्यात मांडवीचं लाल पाणी बाटलीत भर, मूठभर वाळू टाक, हलवून ठेवून दे. तळाशी हाच क्रम दिसेल. पुढचा लोंढा आला की पुन्हा जाड कणांपासून सुरुवात.

आता मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट. गोव्याचे हे थर आडवे राहिलेले नाहीत, त्यांना घड्या पडल्यात, काही उभे झालेत, काही पार उलटलेत. १६६९ साली स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञानं मांडलेला नियम, खालचा थर जुना आणि वरचा नवा, इथे डोळे मिटून लावता येत नाही. आधी एकेका थरात कण कुठल्या बाजूला बारीक होत जातात ते बघायचं. ती त्याची मूळची वरची बाजू. हे न ठरवता इतिहास सांगायला बसलं तर तो शेवटाकडून सुरू व्हायचा. पुस्तकात या मुद्द्याला दोन ओळी मिळतात, किनाऱ्यावर दोन तास दे.

डिचोलीकडचे पट्टेदार लोहखडकही बघून घे. एक पट्टा लोहाचा, एक सिलिकेचा. हवेत प्राणवायू जवळजवळ नसताना समुद्राच्या पाण्यात लोह विरघळून राहू शकत होतं, तेच पुढे तळावर साचलं. आपल्या खाणींतलं खनिज याच खडकांतून आलंय. त्या काळच्या पाण्याची आणि हवेची इतकी थेट खबर दुसरीकडे क्वचित मिळते.

चवथीला येशीलच, पण तेव्हा समुद्र खवळलेला असतो, खडकांवर उतरायचं नाही. दिवाळीत भरती-ओहोटीची वेळ बघून जाऊ. हातोडी आणू नकोस, पाण्यानं घासलेल्या पृष्ठभागावर कण जास्त चांगले दिसतात. फोटो काढताना शेजारी पेन ठेव, आणि वहीत बाण काढून वरची बाजू लिही. मी माझे बाण वेगळे काढीन, मग ताडून बघू.

तुझी,
आई