विल्बरीचा माग काढून दिल्याबद्दल

आदरणीय काकू,

सादर नमस्कार. पुण्याच्या संगमावर रेसिडेंट (पेशवे दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील) म्हणून राहिलेल्या चार्ल्स मॅलेटचे इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातले विल्बरी हाउस हे त्याचे वडिलोपार्जित घर असावे, असे धरून मी दोन वर्षे मॅलेट घराण्याचे पूर्वज तिथे शोधत होतो. ते घर 1710च्या सुमारास विल्यम बेन्सनने बांधले आणि मॅलेटने हिंदुस्थानातून परतल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतले, हे तुम्ही पहिल्याच पत्रात सांगितले नसते, तर मी अजून तिथेच चाचपडत राहिलो असतो.

तुम्ही लिहिले होते, "घराच्या मालकाच्या मागे लागू नकोस, त्या घरात सून म्हणून कोण आली, ते बघ." ती सून म्हणजे सुझॅना वेल्स. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणाऱ्या, वेरूळ-घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने करत हिंडणाऱ्या आणि 1795 मध्ये इकडेच वारलेल्या जेम्स वेल्सची ही मुलगी. मॅलेटशी तिचे लग्न 1799 मध्ये झाले आणि त्यांना आठ मुलगे झाले. त्यांतला ह्यू पॉइंट्झ मॅलेट ठाण्याचा कलेक्टर म्हणून 1850 मध्ये पायथ्याच्या चौक गावाहून डोंगर चढून माथेरानला पोहोचला (त्याला 'शोध' म्हणायचे, तर तिथे आधीपासून वावरणाऱ्या धनगर-ठाकरांची क्षमा मागूनच). पुण्याचा मॅलेट आणि माथेरानचा मॅलेट यांचे नाते केवळ आडनावापुरते असावे, अशी माझी समजूत होती. ते बापलेक निघाले.

कागद कसे वाचावेत हेही तुम्हीच शिकवलेत. जुन्या लिखाणातला लांबट 'एस' मी 'एफ' समजत होतो, त्यामुळे माझ्या वहीत प्रत्येक 'मिस'ची 'मिफ्स' झाली होती. मधले नाव पुष्कळदा आजोळचे किंवा एखाद्या सोयऱ्याचे आडनाव असते आणि तिथूनच दुसऱ्या घराचा दरवाजा उघडतो, हे कळल्यावर मी सगळी टिपणे पुन्हा पहिल्यापासून लिहून काढली. विल्टशरमधल्या चिपनमच्या अभिलेखागारात तुम्ही माझ्यासाठी किती दुपारी घालवल्यात, याचा हिशेब तुम्ही मला कधीच दिला नाहीत.

लग्नाआधी पुण्यात मॅलेटबरोबर राहिलेल्या अंबर कौर आणि त्यांची मुले यांचाही धागा तुम्हीच हाती दिलात. बॅरोनेटांच्या (वंशपरंपरेने 'सर' किताब चालणाऱ्या इंग्रज घराण्यांच्या) छापील वंशावळींत अशा मुलांना जागा नसे, म्हणून मीही त्यांना वगळले होते, याची आता लाज वाटते. त्यांचा पुढचा माग मी काढायला घेतला आहे. न लागणारे अक्षर आले की पुन्हा तुम्हालाच त्रास देणार आहे.

आपला कृतज्ञ,
एक पुणेकर